कानात सांगितलेलं नाव

"पोरं सांभाळायला शिकावं लागतंय व्हय?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की समोरच्याचे ओठ हलायला लागले की पुढचं मला ऐकावंच लागत नाही. सासूबाईंनी विचारला, दिरांनी विचारला, विट्याच्या स्टँडवर पुस्तक उघडून बसले होते तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईनेही विचारला. वर सगळे हसत विचारतात, त्याचा जास्त राग येतो. शिलाईचा क्लास लावला असता तर कोणी हसलं नसतं. म्हशीला इंजेक्शन द्यायला शिकते म्हटलं असतं तर गावाने कौतुकच केलं असतं, कारण म्हैस दूध देते. माणसाचं पोर तीन-चार वर्षांचं होईस्तोवर काय देतं?

मी कडेगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवते. गावाच्या चहूबाजूंनी ऊस, आणि गावाच्या डोक्यातही ऊसच. अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळायची जागा, ही इथली पक्की समजूत. "बाई, आज काय शिजवलंय?" हे मला रोज विचारतात. आज काय शिकवलं, हे इतक्या वर्षांत एकाही आईबापाने विचारलेलं नाही. बारावी करून मी नोकरीला लागले आणि पुढची सगळी वर्षं वजनं घेण्यात, लसीकरणाला पोरं गोळा करण्यात आणि कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणासाठी उंबरे झिजवण्यात गेली. चाळिशी जवळ आली तेव्हा मला वाटलं, आपण ज्या पोरांच्यात दिवस काढतो ती आतून वाढतात कशी, हे एकदा नीट समजून घ्यावं. म्हणून बालशिक्षणाच्या पदविकेला नाव घातलं. आठवडाभर अंगणवाडी आणि रविवारी सांगलीला तास. परीक्षा मात्र आडवारी.

नवरा पलटणीतून निवृत्त होऊन साखर कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक आहे. तो म्हणाला, "घरची दोन पोरं विदाऊट ट्रेनिंग पाळलीस की. आता कसलं ट्रेनिंग?"

"म्हणूनच तशी निघाली," मी म्हणाले. तो हसला. मी हसले नव्हते.

सांगलीचं केंद्र म्हणजे एका कॉलेजातला मागच्या बाजूचा वर्ग. बाक दणकट, लाकडी, कॉलेजच्या पोरांनी कोरून कोरून खराब केलेले. आम्ही बहुतेक अंगणवाडीच्या बाया, थोड्या नव्या लग्नाच्या मुली. माझी बाकावरची जोडीदारीण सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातली सून होती, तिला घरच्या पुढच्या खोलीत बालवाडी काढायची होती. तिच्या डब्यात कांदा-लसूण नसायचं, पण बोलण्यात मीठमसाला भरपूर. शिकवणाऱ्या मॅडम वयाने आमच्यापेक्षा लहान. आवाज बारीक आणि शिस्त कडक. उशीर झाला की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघायच्या.

एका रविवारी त्यांनी ऐकण्याचा धडा घेतला. बाळाला ऐकू येत नाही हे घरच्यांना फार उशिरा कळतं, असं त्या म्हणाल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "घरच्यांना कसं कळणार न्हाई, मॅडम? रोज संगं असत्यात की."

मॅडमनी माझ्या जोडीदारणीला बाकावर बसवलं. डोळे मिटायला लावले, कानांत बोटं घट्ट घालायला लावली. मग त्या मागे गेल्या आणि मुठीने बाकावर जोरात दणका दिला. ही बया दचकून उठलीच. वर्ग हसायला लागला.

"त्यांना ऐकू आलं नाही," मॅडम म्हणाल्या. "बाक हादरला ते कळलं. ऐकू न येणारं मूल हुशार असतं. सावली बघतं, तुमचे डोळे बघतं, जमीन हादरलेली त्याला समजते. आणि घरचे म्हणतात, बघा, हाक मारली की वळते."

मीही हसत होते. हसता हसता मला माझ्या आईची लोखंडी कॉट दिसली.

माझं माहेर माण तालुक्यात. दहिवडीपासून आत, माळावर. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर शेळ्या-मेंढ्या आहेतच. गावातले बहुतेक गडी मुंबईला असतात, तसा माझा धाकटा भाऊही तिकडच्या बाजारात माथाडी आहे. घरी आई, भावजय आणि भावाची एकुलती एक मुलगी. माझी भाची तेव्हा तीन वर्षांची होऊन गेली होती आणि तिच्या तोंडातून अजून एक शब्द निघाला नव्हता.

तिचं नाव मी ठेवलं होतं. आत्याचा तो मानच असतो. बारशाला आईने हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या होत्या, अख्खी आळी गोळा झाली होती. मी पाळण्यात वाकले, तिच्या इवल्या कानाला तोंड लावून "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. रीत अशी की आत्याने कानात नाव सांगितलं की भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. मला पोटभर धपाटे मिळाले. पोर पाळण्यात शांत पडून होती. सगळ्या म्हणाल्या, काय गुणाची हाय, रडत सुदीक न्हाई. नाव मी इथे सांगणार नाही, ते आमच्या घरचं आहे. पण फार विचार करून ठेवलं होतं.

पोर बोलत नाही म्हटल्यावर आईने तिचे उपाय चालू केले होते. वेखंड उगाळून जिभेला चाटवायची. विहिरीवर पेरूचं झाड आहे, त्याच्याखाली पोपटांनी टोचून पाडलेले पेरू वेचून आणायची आणि पोरीला भरवायची. पोपटाचं उष्टं खाल्लं की पोराला वाचा फुटते, असं आमच्याकडे मानतात. माझ्या भाचीने त्या वर्षात इतके उष्टे पेरू खाल्ले असतील की पोपटही उपाशी राहिले असतील. कोणी कानाचं नाव काढलंच, तर आई पोरीला लोखंडी कॉटवर बसवायची, मागून कॉटच्या दांडीवर लाटणं आपटायची, आणि पोर झटकन वळायची. "बगा, हाय का न्हाई ऐकू येत?" माझ्यासमोर तिने हे केलं होतं. आणि रोज पंचवीस पोरांच्यात वावरणारी मी, मान हलवून चहा प्यायले होते.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. भाऊ मुंबईहून आला होता. ओवाळणं, जेवणं झाली. भाची परड्यात शेळ्यांपाशी मातीत बसली होती, पाठ माझ्याकडे. सावली मागे पडेल अशा बेताने मी उभी राहिले आणि पदराआडून स्टीलची वाटी चमच्याने वाजवली. शेळ्यांनी कान टवकारले. दावणीच्या पलीकडे झोपलेल्या कुत्र्याने मान वर केली. मी आणखी जोरात वाजवली. पोर काडीने मातीत रेघा ओढत राहिली. मग मी तिचं नाव घेतलं, मी स्वतः ठेवलेलं नाव. आधी हळू घेतलं, मग मोठ्याने, मग ओरडून. ओरडल्यावर आई घरातून धावत आली.

"काय झालं गं? का वरडतीस?"

"आई, हिला ऐकू येत नाही."

आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोरीला विहिरीत ढकलायला निघाले होते. पोरीला उचललं, तरातरा आत नेलं, कॉटवर बसवलं आणि लाटणं आपटलं. पोर वळली.

"ह्ये काय मग?"

मी लाटणं तिच्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, "कॉट हादरती म्हणून वळती. तिला जमिनीवर बसव आणि आता वाजव."

"तुज्या त्या सांगलीच्या सायबिणीनं शिकिवलं व्हय ह्ये? आगं बाय, आमी काय पोरं वाडवली न्हाईत? तुजा भाऊ बी पाचव्या वर्सी बोलला."

"तो तिसऱ्या वर्षी घडाघडा शिव्या देत होता. मला आठवतंय."

तेवढ्यात भाऊ आत आला. त्याला सगळं कळलं होतं, कारण मी काही हळू बोलत नव्हते. तो म्हणाला, "आक्का, पोरगी हाय ती. उद्या गावात झालं की माथाडीची पोरगी भैरी हाय, तर तिला दारात कोण उबं करंल? तूच नाव ठेवलंस आणि आता तूच नावं ठेवायला आलीस व्हय?"

लग्न! पोर धड चार वर्षांची नाही, तिला आईची हाक ऐकू येत नाही आणि ह्यांना तिच्या लग्नाची काळजी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "म्हशीनं कान हलवले न्हाईत तर दहिवडीला डॉक्टर बोलवायला पळशील. ही म्हशीपेक्षा कमी हाय का?" शिकलेली भाषा अशा वेळी राहत नाही. भाऊ उठून बाहेर गेला. भावजय चुलीपुढे बसून होती. तव्यावर भाकरी करपली तरी तिने उलटली नाही.

सणाच्या दिवशी मी पिशवी उचलली आणि मायणीमार्गे विट्याची गाडी धरली. माहेरहून रडत नव्हे, दात खात परत आलेली मी पहिलीच असेन. घरी नवरा म्हणाला, "मिशन फेल?" त्याच्यावरही ओरडले.

त्यानंतर आई माझ्याशी फोनवर बोलायची बंद झाली. मी रोज अंगणवाडीत पोरांच्या हजऱ्या घेत होते आणि प्रत्येक पोर "हजर" म्हणालं की मला कळ यायची. रविवारी सांगलीला जात होते. तिथे फळ्यावर मेंदूचं चित्र काढून मॅडम सांगत होत्या की पहिल्या काही वर्षांत जे कानावर पडतं त्याच्यावरच बोलणं उभं राहतं, ती वर्षं निघून गेली की मागे जाता येत नाही. मला तिथे बसवत नव्हतं. मी शिकत होते आणि माळावरची पोर पेरू खात होती. एकदा तासानंतर मॅडमना गाठून मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही भांडू नका, समजावून सांगा."

"समजावून सांगायला समोरच्याने ऐकावं लागतं, मॅडम," मी म्हणाले. त्यांच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं, पण तेव्हा माझ्या समोर येईल तो मार खात होता.

मग एका दुपारी भावजयीचा फोन आला. तिचा कधी येत नसे. ती विहिरीवरून बोलत होती, मागे मोटारीचा आवाज येत होता.

"वन्सं, म्या करून बगितलं. तुमी क्येलं तसं. खाली बसवली आन मागनं हांडा पाडला. शेजारची बाय पळत आली, पर हिनं मागं वळून सुदीक बगितलं न्हाई." मग मोटारीच्या आवाजात तिचा आवाज जेमतेम ऐकू आला. "वन्सं, म्या तिला रोज रातच्याला गाणी म्हणत व्हते."

मी राग धरून उभी राहिले, नाहीतर तिथेच बसले असते.

"आत्यांना इचारलं तर जाऊ द्यायच्या न्हाईत," ती म्हणाली. माझ्या आईला ती आत्या म्हणते. "ह्ये जत्रंला येणार हायत. तवा तुमी तारीक घ्या. पर तुमी सवता आला पायजेल. तुमी न्हाई आलासा तर ह्ये बी दवाखान्यात जायचं न्हाईत, मला ठाव हाय."

चैत्रात आमच्या गावची जत्रा असते. मुंबईचे सगळे गडी तेव्हा गावात येतात आणि जत्रा उलटली की दोन दिवसांत परत जातात. मी साताऱ्याला जाऊन कानाच्या तपासणीची तारीख घेतली, जत्रेच्या दुसऱ्या दिवसाची. माझी परीक्षा त्याच्या कितीतरी पुढे होती. मी बेत नीट बसवला होता.

मग परीक्षेचं वेळापत्रक बदललं. कारण कोणी सांगितलं नाही. आमच्यासारख्या बायकांना कारण सांगायची पद्धतच नाही, आम्ही काय, कधीही येऊ शकतो. पहिला पेपर, बालविकासाचा, नेमका तपासणीच्या दिवशी आला. दुसरी तारीख मागितली तर ती भाऊ मुंबईला गेल्यानंतरची मिळत होती, आणि भाऊ नसला की आई दारात आडवी पडणार हे मला पक्कं माहीत होतं. केंद्रावर फोन केला, विनंती केली, आवाज चढवला, परत विनंती केली. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, पेपर पुढच्या वर्षी देता येईल. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात? घरचं आवरून, अंगणवाडी करून, उसाच्या ट्रॉलीमागे रेंगाळणाऱ्या एसटीत उभ्याने वाचून मी तो विषय केला होता. अख्ख्या पदविकेत तोच एक विषय असा होता की मला वाटे, हा माझ्यासाठीच लिहिलाय. आणि पर्यवेक्षिकेची वरची जागा मिळायची तर ही पदविका त्याच वर्षी हातात हवी होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. हे मला ठाऊक होतं, केंद्रालाही ठाऊक होतं. मी फोन ठेवला आणि गॅसवरचं दूध उतू जाताना बघत उभी राहिले. नवऱ्याने येऊन गॅस बंद केला.

"पेपरला जा," तो म्हणाला. "पोरीचा बाप हाय, आई हाय. तुझी ड्युटी न्हाई ती."

"तिला नाव मी दिलंय."

जत्रेच्या दिवशी त्याने मला विट्याच्या स्टँडवर मोटरसायकलवरून सोडलं आणि म्हणाला, "पलटणीत असतीस तर गैरहजर म्हणून आत टाकलं असतं." मग गाडी सुटेपर्यंत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साताऱ्याला निघालो. भाऊ, त्याला रात्रभर समजावून तयार करणारी भावजय, भाची, मी. आणि आई. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पातळ बदलून ती आमच्या आधी गाडीत जाऊन बसली होती. रस्ताभर ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी तिच्या मानेकडे. दवाखान्यात पोरीला आधी एका बंद खोलीत नेलं, मग झोपेचं औषध देऊन डोक्याला तारा लावल्या. पोर झोपता झोपेना. शेवटी भावजयीने तिला मांडीवर घेतलं आणि सवयीने गुणगुणायला लागली. मध्येच तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. मी भिंतीकडे तोंड केलं. घड्याळात तेव्हा माझा पेपर सुरू झाला होता.

तपासणाऱ्या बाईंनी साधं सरळ सांगितलं. दोन्ही कान. अगदी मोठे आवाज थोडेफार पोचत असतील, बोलणं नाही. जन्मापासूनच असावं. मशीन लावायचं, बोलायला शिकवायचं, आणि आधी आणलं असतंत तर बरं झालं असतं. हे शेवटचं त्या आमच्यातल्या कोणाकडे बघून बोलल्या नाहीत. पण ते आईला लागलं.

व्हरांड्यात आल्यावर ती म्हणाली, "म्हंजी म्या काय वाईट केलं का तिचं? जिवापाड जपली तिला."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं असं पुढे सगळ्यांनी मला सांगितलं. मला अजून तसं वाटत नाही. मी म्हणाले, "जपलीस, आई. पण एकदा तरी तपासलीस का? तुझ्यासारख्याच सगळ्या जपतात. सगळ्यांना पोरं सांभाळता येतात आणि कोणालाच शिकावं लागत नाही." व्हरांड्यातली माणसं बघत होती. बघू देत. आईने पदराने तोंड पुसलं. भाऊ खांबाला टेकून उभा होता. पाठीवरून पोती वाहणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "आक्का, तुजा आज पेपर व्हता न्हवं?"

कोणीतरी विचारलं तरी.

पुढच्या रविवारी जोडीदारीण म्हणाली, "किती सोपा पेपर होता गं! खेळाचं महत्त्व आलं होतं." मी तिच्या डब्यातली भाजी खात राहिले. बाकीच्या विषयांत मी पास झाले आणि बालविकासात गैरहजर. गावात पसरलं की अंगणवाडीची बाई पोरांच्याच विषयात नापास झाली. सासूबाईंनी आडून विचारलं, दिरांनी हसून विचारलं. मी कोणालाही काही समजावलं नाही. वरची जागा दुसऱ्या बाईला मिळाली. ती चांगली बाई आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण राग तर आहेच, आणि तो आता कुठल्या एका माणसावर राहिलेला नाही.

मशीन मिळायला बरेच हेलपाटे झाले, जवळजवळ वर्ष गेलं, पण मिळालं. लावल्यानंतर महिन्याभराने सुट्टीत मी माहेरी गेले. भाची दारात होती. दोन्ही कानांमागे मशीन, आणि त्यावर आईने बांधलेलं टोपडं. उन्हाळ्याच्या दिवसात टोपडं!

"लोकं बगत्यात," आई म्हणाली. त्या व्हरांड्यानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

मी टोपडं सोडलं आणि खुंटीला अडकवलं. म्हणाले, "बघू देत. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

पोर शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली की मान वळवत होती. भांडं आपटलं की दोन्ही हात कानांवर धरत होती. मी आनंदाने तिचं नाव घेतलं. ती वळली नाही. परत घेतलं. घंटा वाजली, ती तिकडे वळली. नाव घेतलं, नाही.

"बगितलंस?" आई म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, तरी मला झोंबलं. "मशीन हाय पर उपेग न्हाई. नाव घेतलं तरी बगत न्हाई."

आणि तेव्हा मला कळलं. घंटा कुठून वाजते हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. पण तिला कळेल असं आजवर कोणी नावाने बोलावलंच नव्हतं. खांद्याला हात लावून बोलावलं होतं, वेणी ओढून, कॉट हादरवून. सगळं गाव तिचं नाव घेत होतं, आणि चार वर्षांच्या त्या पोरीला आपल्याला नाव आहे हेच माहीत नव्हतं. शेळीला घंटा होती, हिला काहीच नव्हतं. मला एवढा संताप आला की मी हुंदका द्यायच्या ऐवजी ओरडलेच, "तिला कळणार कसं? तिचं बारसंच झालेलं न्हाई!"

भावजय परड्यातून आली. मी भाचीला जमिनीवर माझ्यासमोर बसवलं, तिचा हात तिच्याच छातीवर ठेवला, तिच्या कानाशी वाकले, मशीनजवळ तोंड नेऊन हळू "कुर्रर्र" केलं. ती दचकली, मग तिचे डोळे मोठे झाले. मी नाव सांगितलं.

आणि माझ्या पाठीत धपाटा बसला.

भावजयीचा होता. बारशातल्यासारखा गमतीचा नव्हता. दुसरा बसला, तिसरा बसला. चार वर्षं जी बाई चुलीपुढे गप्प बसली होती, रात्री न ऐकणाऱ्या कानात गाणी म्हणत होती, ती सगळा जीव हातात आणून मारत होती आणि रडत होती. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी हललेसुद्धा नाही. माझ्या वाटचे होते ते.

"हळू मार की गं," आई म्हणाली. मग तीही उठली, गुडघ्यावर हात टेकत जवळ आली, माझ्या पाठीवर तिचा खरखरीत हात पडला. तो मारायला आला होता की चोळायला, हे मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

पोर आम्हा तिघींकडे बघत होती. तिला वाटलं हा खेळ आहे. तीही उठून मागे आली आणि दोन्ही हातांनी माझ्या पाठीत मारायला लागली.

बालविकासाचा पेपर पुढच्या आठवड्यात आहे. वरची जागा गेली ती गेलीच, तरी मी बसणार आहे, आणि नवऱ्याने सांगलीपर्यंत सोडायचं कबूल केलंय. त्या दिवशी परड्यात मात्र मला पेपर आठवला नव्हता. मी पाठ चोळत मागे वळले, पोरीला परत समोर बसवलं. नाव तिला अजून कळलेलं नव्हतं. मी वाकले आणि परत सांगितलं.